६ मिमीचा मुतखडा, डॉक्टर म्हणाले घरीच वाट बघा. वाट बघायची म्हणजे काय करायचं?

खळ्यावरचा | ७ एप्रिल, रात्री ९.५०

राम राम मंडळी. गाव परभणी जिल्ह्यात, सेलूपासून आत. वय ३८, धंदा शेती. आजवर अंगाला सलाईन लागलं नाही म्हणून मिरवायचो. परवा रात्री ते मिरवणं संपलं.

या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. साडेबाराला मोटार चालू करून उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायलो होतो. एक सरी भरली, दुसरीकडं पाणी वळवायला फावडं मारलं आणि उजव्या कुशीत बरगडीच्या खाली कळ आली. वाटलं लचक भरली. बांधावर बसलो, बसवेना. आडवा झालो, तेही होईना. उभा राहिलो तर कंबरेत कोणी सब्बल घातल्यागत. कळ पाठीतून निघायची, पुढं जांघेत उतरायची आणि खाली पार अंडापर्यंत जायची. पाच-दहा मिनिटं ढिल द्यायची, परत यायची. रात्रीची भाकर-पिठलं सगळं उलटून पडलं. पाणी फुटून शेजाऱ्याच्या वावरात गेलं, तो सकाळी दारात येऊन बोलून गेला ते वेगळंच.

धाकट्या भावानं मोटारसायकलवर मधी बसवून नेलं, मागून चुलतभावानं धरलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचं नाव मला आता पाठ आहे. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात माणसात आलो. दिवस उजाडल्यावर सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. उजवीकडं ६ मिमीचा खडा, किडनीतून येणारी नळी पिशवीला मिळते तिथं तोंडाशी अडकलाय. किडनीला थोडी सूज. डाव्या किडनीत ३ मिमीचा एक निवांत पडलाय. क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी) ठीक, लघवीत इन्फेक्शन नाही. डॉक्टर म्हणाले, पडू शकतो, तीन आठवडे बघू. दुखण्याची गोळी दिली, रात्रीची एक टॅम्सुलोसिन दिली, आणि "पाणी प्या, घरी थांबा."

आता घरी थांबलो तर अख्खं गाव डॉक्टर झालंय. हुलग्याचं पाणी, पानफुटीची पानं, मक्याच्या कणसाचे केस, केळीच्या खुंटाचा रस, गव्हाएवढा चुना. बिअर चौघांनी सुचवली, चौघंही सोबत बसायला तयार आहेत. एक जण म्हणतोय अमक्या गावात तोंडानं ओढून खडा काढतात. आई म्हणते टमाटं, वांगं, पालक, दूध सगळं बंद. मग खाऊ काय, फावडं?

ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा. कळ परत आली तर रात्री दोन वाजता घरात काय करायचं, हे आधी सांगा. बाकी ज्ञान सावकाश दिलं तरी चालंल.

---

डबल बेल | ७ एप्रिल, रात्री १०.३५

या दादा, बसा. बसता येत नसंल तर उभ्यानं वाचा.

लांब पल्ल्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, २१ वर्षं झाली. तीन खडे झाले, दोन आपसूक पडले, एक दुर्बिणीनं काढला. रात्री दोनचं विचारलंस म्हणून तेवढंच लिहितो.

कळ सुरू व्हायलीय असं वाटलं की लगेच डॉक्टरनं दिलेली दुखण्याची गोळी घे. "बघू, सहन होतंय का" करत बसू नको. एकदा कळ चढली की ओकारी येती आणि गोळी पोटात टिकत नाही. कुशीला शेकायची पिशवी लाव. पिशवी नसंल तर विटकर गरम करून फडक्यात गुंडाळ, पण आधी स्वतःच्या हाताला लावून बघ. मी पहिल्या वेळी कातडी भाजून घेतली होती, डाग अजून आहे. गरम पाण्याची आंघोळ केली तर बरंच ढिलं पडतं. आणि चालत राहा. अंगणात फेऱ्या मार. झोपून राहिलं की बरं वाटंल ही समजूत या दुखण्यात चालत नाही.

एक चूक मी केली ती तू करू नको. कळ चालू असताना खडा ढकलायचा म्हणून तीन तांबे पाणी घटाघटा प्यालो. तेवढंच बाहेर आलं आणि कळ दुप्पट झाली. पाणी कळ थांबल्यावर, घोट घोट.

चहाची एक जुनी गाळणी बाजूला काढून ठेव. कशाला ते कळंल.

---

चुलीवरची | ८ एप्रिल, सकाळी ७.१०

भाऊ, हुलग्याचं पाणी नुसतं पिऊन कंटाळा येईल, माडगं करून प्या. हुलगे मंद आचेवर भाजायचे, खमंग वास सुटला की उतरवायचे, गार झाले की जात्यावर नाहीतर मिक्सरवर पीठ. पातेल्यात लसूण-जिऱ्याची फोडणी, त्यात पाणी, उकळी आली की थंड पाण्यात कालवलेलं पीठ हळूहळू सोडायचं आणि हात थांबू द्यायचा नाही, नाहीतर गुठळ्या. पातळसर ठेवायचं, वाटीनं पिता आलं पाहिजे. माझ्या वडिलांना आई उन्हाळाभर द्यायची. हुलग्यानं दगड फुटतो म्हणतात. जुने लोक खडक फोडायच्या आधी त्यावर हुलग्याचा काढा ओतायचे असं आजोबा सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, माडगं मात्र चांगलं लागतं.

---

पुण्यातला परभणीकर | ८ एप्रिल, सकाळी ११.०२

बिअरच्या यादीत माझं पाचवं नाव लिहा. चेष्टा सोडा, मला खरंच उपयोग झाला होता. दोन बाटल्या प्यायलो, दुसऱ्या दिवशी खडा बाहेर.

---

खडूस डॉक्टर | ८ एप्रिल, दुपारी २.४५

युरॉलॉजीत, म्हणजे लघवीच्या विकारांच्या विभागात काम करतो, मूळचा लातूरकडचा. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका. आयडीप्रमाणे जरा खडूसपणे लिहितो.

आधी घाबरायचं कधी ते वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. ताप आला, थंडी वाजून अंग हलायला लागलं, तर घरी थांबायचं नाही. रात्र असो, पाऊस असो, त्याच क्षणी निघायचं. अडलेल्या किडनीत पू होणं म्हणजे तुंबलेल्या गटारात विष कालवण्यासारखं, काही तासांत रक्तात पसरतं. तेव्हा खडा काढणं दूर राहतं, आधी नळी घालून लघवीला वाट करून द्यावी लागते. लघवीच बंद झाली, उलट्या थांबेनात, गोळीनं कळ हटेना, तरी तसंच. ज्याला एकच किडनी आहे किंवा जी बाई गरोदर आहे, तिनं हा धागा वाचण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आता खडा. ५ मिमीच्या आतले बहुतेक आपोआप पडतात. ५ ते १० मध्ये साधारण निम्मे. १० च्या वर आशा धरू नये. तुमचा ६ चा आहे पण नळीचा सगळ्यात अरुंद टप्पा गाठून बसलाय, म्हणजे ९० टक्के प्रवास झालाय. टॅम्सुलोसिन नळीचा खालचा भाग सैल करते, अशाच खड्यांना तिचा फायदा दिसतो. ती रक्तदाबाची जुनी भावकी आहे, रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर मिनिटभर बसा, मग उभे राहा. दुखण्याची गोळी दिलीय तेवढीच घ्या, मेडिकलवरून वाढवून आणू नका. अल्सर असेल, किडनी आधीच कमजोर असेल त्यांना ती गोळी चालत नाही.

परभणीकर, बिअरनं लघवी वाढते, पण नंतर अंग कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड वाढतं. तुमचा खडा त्या दिवशी पडणारच होता, श्रेय बाटलीनं खाल्लं. कळेवर रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी आणि वरून दारू, यातून रक्ताच्या उलट्या झालेले लोक मी पाहिलेत.

चुना खाऊ नका. माडगं खुशाल प्या, मलाही पाठवा. हुलग्यानं अडकलेला खडा विरघळतो याला भक्कम पुरावा नाही, पण त्या निमित्तानं दोन वाट्या पाणी पोटात जातं.

---

केळीवाला अर्धापूर | ८ एप्रिल, संध्या. ६.२०

डॉक्टरसाहेब, तुमच्या लोकांना आयुर्वेदाचं नाव काढलं की ठसका लागतो. आमच्याकडं केळीचे खुंट घड काढल्यावर बांधावर पडलेले असतात. माणसं ट्रॅक्टर थांबवून रसासाठी मागून नेतात. काय वेडे आहेत सगळे?

शिवाय मूळ दुखणं पाण्याचं आहे, त्यावर कोणी बोलंना. बोअर सातशे फूट गेले. पातेल्यात पाणी उकळलं की बुडाला पांढरा थर बसतो. पातेल्यात बसतो तर किडनीत बसणार नाही?

---

खडूस डॉक्टर | ८ एप्रिल, रात्री ९.१५

केळीवाले दादा, ठसका नाही लागत. सुश्रुतानं अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार लिहिलेत आणि सोबत हेही लिहिलंय की कोवळी असेल तर औषधानं जाते, वाढलेलीला शस्त्र लागतं. म्हणजे कधी काढ्यावर थांबायचं नाही हे त्याला आमच्याआधी माहीत होतं. अडचण रसाची नाही. रस पीत पीत चार महिने काढतात आणि तोवर किडनी फुग्यासारखी फुगून निकामी होते, अडचण ती आहे.

पातेल्याचा थर. आपला सगळा भाग काळ्या बेसॉल्टचा, खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं, थर त्याचा. पण किडनीतला खडा तसा बनत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात; ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांतला एक घटक. पाण्यातलं किंवा दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. म्हणून दूध-दही तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. खळ्यावरचे, आईंना सांगा की ताक चालू ठेवा. क्षाराच्या पाण्यावर संशोधन दोन्ही बाजूंनी आहे, ठाम सांगता येत नाही. माझ्या मते मचूळ पाण्याचा खरा तोटा वेगळा आहे. ते गोड लागत नाही म्हणून माणूस कमी पितो.

टमाट्याच्या बिया किडनीत जाऊन बसत नाहीत. टमाट्यात ऑक्झलेट फार नाही. पालक, चुका, बीट, मूठमूठभर काजू-बदाम, यांना आवरा. पण सगळ्यात मोठा चोर मीठ आहे. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. आपल्याकडं भाकरीसोबत खर्डा, वर लोणचं, वर पापड, वर येसराची आमटी आणि तरी ताटात डावीकडं चिमूट मीठ. ती चिमूट बंद करा. मटण आठवड्यातून तीनदा असेल तर एकदा करा. आणि "ताकदीसाठी" व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कोणी रोज खात असेल तर थांबवा, त्याचंही ऑक्झलेट होतं. लिंबू मात्र पाण्यात पिळा. त्यातलं सायट्रेट खडे धरू देत नाही. सरबतात मीठ टाकून सगळं मुसळ केरात घालू नका.

---

मास्तरीणबाई | ९ एप्रिल, दुपारी १.३०

तोंडानं खडा ओढणाऱ्याबद्दल लिहिते, कारण आमच्या घरात हे झालंय.

सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी डावीकडं दुखायचं. सोनोग्राफीत ९ मिमी. नात्यातल्या एकीनं सांगितलं म्हणून मी शाळेत असताना घरचे त्यांना घेऊन गेले. त्या माणसानं कमरेला एक पान लावलं, त्यावर तोंड ठेवून ओढलं आणि तळहातावर तीन बारीक खडे थुंकून दाखवले. सासूबाईंनी ते खडे रुमालाच्या गाठीत बांधून आणले. मला दाखवले तेव्हा मी बघतच राहिले. गुळगुळीत, करडे, नदीतल्या वाळूत सापडतात तसे. विज्ञान शिकवते हो मी! पण त्यांचं दुखणं खरंच कमी झालं होतं, म्हणून तोंड गप्प ठेवलं. तिथं चुकलं.

पाच महिन्यांनी ताप आला, हुडहुडी भरली. खडा तिथंच होता, किडनी सुजून मोठी झाली होती. आठ दिवस आयसीयू. किडनी वाचली, पण पहिल्यासारखं काम करत नाही.

तो रुमाल मी अजून टाकलेला नाही. सातवीच्या वर्गात दरवर्षी काढते.

---

खळ्यावरचा | ११ एप्रिल, सकाळी ६.१५

हाल-हवाल देतो. चौथा दिवस. मोठी कळ एकदाच आली, डबल बेल दादा म्हणले तशी गोळी लगेच घेतली, गरम पाण्यानं आंघोळ केली, निभावलं. टॅम्सुलोसिन मात्र भारी पडली. डॉक्टरसाहेबांनी सांगून ठेवलेलं विसरलो आणि रात्री झटक्यात उठलो. डोळ्यापुढं अंधारी, हात कणगीवर आपटला. आता खाटेवर बसून आधी रामाचं नाव घेतो.

नवीन त्रास असा की दर दहा मिनिटाला लघवीला लागल्यासारखं होतं. गेलं की चार थेंब. शेवटी जळजळ. हे इन्फेक्शन का?

दुसरं. मी दिवसाला रांजणभर पाणी पितो असं समजून चाललो होतो. डबल बेल दादांच्या गाळणीवरून सुचलं म्हणून काल दिवसभराची लघवी रिकाम्या लिटरच्या बाटलीत मोजली. बायको नाक धरून हसायली होती. सकाळी सहा ते आज सकाळी सहा, किती भरावी? ९०० मिली! बाटलीही पुरी भरली नाही.

---

खडूस डॉक्टर | ११ एप्रिल, सकाळी ९.००

खडा पिशवीच्या तोंडाशी आला की पिशवी चिडते, तिला वाटतं भरली. ताप नसेल तर हे चांगलं चिन्ह आहे. तरी आज लघवीची तपासणी परत करून टाका.

बाटलीचं फार चांगलं केलंत. किती पितो यापेक्षा किती बाहेर येतं हेच आम्हाला हवं असतं. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला पाहिजे. एसीत बसणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पुरतं. ४२ डिग्रीत वावरात राबणाऱ्याचं अर्धं पाणी घामात जातं, त्याला चार-पाच लागेल. म्हणून "तीन लिटर प्या" हे वाक्य आपल्याकडं अर्धवट आहे. दिवसभरात विभागून प्या, झोपताना एक तांब्या, रात्री उठलात की अर्धा. एका बैठकीत पाच लिटर रिचवण्याचा पराक्रम नको, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. आणि हे सगळं पुढचा खडा होऊ नये म्हणून. आत्ता अडकलेला खडा पाण्याच्या लोंढ्यानं वाहून जात नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी शिकाऊ होतो. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं. ओपीडीत बायका आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या टँकरचा हिशोब सांगायच्या आणि मी कागदावर लिहायचो, "भरपूर पाणी प्या". त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, "कुणाचं?"

---

मास्तरीणबाई | ११ एप्रिल, दुपारी १२.४०

डॉक्टर, पाणी असलं तरी बायका पीत नाहीत. जायचं कुठं?

मी रोज ४० किलोमीटर जाऊन-येऊन करते. सकाळी निघताना अर्धा कप चहा. बसस्थानकातलं स्वच्छतागृह लांबूनच कळतं कुठं आहे ते. शाळेत मुलींसाठी एक आहे, त्याला पाणी नाही म्हणून कुलूप. माझी बाटली संध्याकाळी घरी येते तेव्हा अर्धी भरलेली असते. वर्गातल्या मुली तर दुपारच्या खिचडीसोबतही पाणी पीत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघते आणि का ते मला माहीत आहे. वावरात खुरपायला जाणाऱ्या बायका, ऊसतोडीला गेलेल्या बायका, सगळ्यांची हीच रीत. अंधार पडेपर्यंत धरून ठेवायचं.

---

डबल बेल | ११ एप्रिल, रात्री ११.१०

ताई, माझे तिन्ही खडे याच रीतीचे. गाडीत पन्नास माणसं बसलेली, मी उतरून आडोसा शोधायचा? मग पाणीच नको. आता मी डायवरला सांगून ठेवलंय, ठरलेल्या तीन ठिकाणी गाडी दोन मिनिटं थांबती. प्रवासी पहिल्यांदा कटकट करायचे. आता अर्धी गाडी माझ्यामागं उतरते.

---

खळ्यावरचा | १५ एप्रिल, संध्या. ७.००

आठवा दिवस. दुखणं गायब! काल रात्रीपासून काहीच नाही, लघवीही मोकळी. आई म्हणते पानफुटीच्या पानांनी विरघळला. उद्यापासून वावरात जातो. गोळी बंद केली तर चालंल का? स्कॅनला परत पैसे घालायचं जीवावर आलंय.

---

नुसतंच वाचतो | १५ एप्रिल, रात्री ८.२५

दहा वर्षं या ठिकाणी वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. थांबा दादा.

माझं दुखणं थांबलं म्हणून मी गेलो नाही. सात महिन्यांनी भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तेव्हा खडा तिथंच निघाला, किडनी पाण्यानं भरलेली. दुर्बिणीनं काढला, आत डीजे स्टेंट म्हणून बारीक नळी ठेवली. ती काही आठवड्यांत काढून टाकायची असते. डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, तोंडानं कोणी नीट सांगितलं नाही आणि मीही कार्ड कपाटात टाकून मोकळा झालो. १४ महिन्यांनी लघवीतून रक्त यायला लागलं. नळीच्या दोन्ही टोकांवर खडे चढले होते. एका खड्याचं साधं काम होतं, तीन ऑपरेशनं झाली. फुले जन आरोग्य योजनेत बसल्यानं निदान पैशाचं निभावलं. ज्याला स्टेंट बसलाय त्यानं काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहावी, एवढं सांगायला लिहिलं.

---

खडूस डॉक्टर | १५ एप्रिल, रात्री १०.०५

खळ्यावरचे, कळ किडनीवरच्या ताणाची असते. ताण कमी झाला की कळ थांबते, मग खडा पडो न पडो. किडनी हळूहळू अडत गेली तर ती बोंब मारत नाही. खडा हातात आलाय का? नाही. मग तो आत आहे असंच धरा. गोळी चालू, गाळणी चालू. खडा दिसला नाही तर तीन आठवडे झाल्यावर सोनोग्राफी पक्की.

आणि पानफुटीनं कॅल्शियमचा खडा विरघळत नाही. औषधानं खरोखर विरघळणारा एकच नेहमीचा प्रकार, युरिक ॲसिडचा. त्याला लघवी आम्लाकडून अल्कलीकडं न्यावी लागते, तीही मोजून. मेडिकलवरची गोड सिरपं सगळ्याच खड्यांना चालतात असं समजून बाटल्या रिकाम्या करू नका. खडा सापडला तर टाकू नका, तपासायला द्या, कुठल्या जातीचा ते कळतं.

---

खळ्यावरचा | २० एप्रिल, सकाळी ५.४५

पडला!

खरं सांगतो, सोळा तारखेपासून मी गाळणी सोडून दिली होती. बायकोनं ऐकलं नाही. न्हाणीच्या खिळ्याला गाळणी टांगून ठेवली आणि म्हणाली, "ज्या दिवशी गाळणी कोरडी दिसंल त्या दिवशी चहा नाही." आज पहाटे चारला उठलो, खाटेवर बसलो, मग गेलो. धार मधीच अडली. एक बारीक चटका बसला आणि टिक असा आवाज. बॅटरी मारून बघितलं तर तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, एका अंगानं बोचरा. तेवढ्याशा जिवानं मला बांधावर लोळवला होता!

बोटावर घेऊन आईला दाखवला. आई म्हणाली, पानफुटीनं काढला. राहू द्या. कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय, सोमवारी तपासायला देतो, सोनोग्राफीपण करून घेतो.

---

चुलीवरची | २० एप्रिल, सकाळी ८.००

अभिनंदन भाऊ! गाळणीचं काय केलं?

---

खळ्यावरचा | २० एप्रिल, सकाळी ८.२०

घरात घेऊ देत नाहीत. न्हाणीतच आहे.

---

केळीवाला अर्धापूर | २० एप्रिल, सकाळी ९.४०

केळीच्या खुंटाचा रस प्याला असता तर आठ दिवस आधी पडला असता. असो, आनंद आहे.

---

खळ्यावरचा | २६ मे, रात्री ९.३०

रिपोर्ट आला होता, लिहायचं राहून गेलं. कॅल्शियम ऑक्झलेट. सोनोग्राफीत उजवीकडची सूज उतरली. डावीकडचा ३ मिमीवाला तसाच आहे, वर्षानं बघू म्हणाले. ताटातली चिमूट बंद झाली, खर्डा निम्म्यावर आणला, याहून जास्त माझ्यानं होणार नाही. परवा परत बाटलीनं मोजलं, दोन लिटरला थोडं कमी.

मास्तरीणबाईंचं वाचल्यावर घरी विचारलं. बायको खुरपणीला गेली की दिवसभरात किती पाणी पिते? म्हणाली, न्याहारीला एक तांब्या, मग घरी आल्यावर. आठ बायका येतात आमच्या वावरात, सगळ्यांचं तसंच. सोळा वर्षं झाली लग्नाला, मला माहीत नव्हतं. विहिरीच्या मागं चार बांबू रोवून जुनी शेडनेट गुंडाळली, आत फरशीचे दोन तुकडे, बाहेर पाण्याची टाकी ठेवली. बांधावरच्या लिंबाखाली दोन डेरे पुरले. आधी कोणी जाईना, लाजायल्या. शेवटी आईच पहिल्यांदा गेली, मोठ्यानं खोकत. आता दोन्ही डेरे तीनच्या आत खाली होतात आणि परत भरायला माणूस सोडावा लागतो.

---

मास्तरीणबाई | २६ मे, रात्री १०.१५

शेडनेटला वरून पत्रा टाका. पावसाळा तोंडावर आलाय.

---

पुण्यातला परभणीकर | २ जून, दुपारी ३.२०

मंडळी, माझा परत आलाय. ४ मिमी, डावीकडं. यावेळी बिअर नको म्हणतो. सुरुवात कुठून करू?

---

डबल बेल | २ जून, दुपारी ३.४०

वरून वाच. आणि येताना गाळणी घेऊन ये, वेगळी.